सिनेमाला दणका, गाण्याला घुमघुम: सबवूफर सील्ड घ्यावा की पोर्टेड?

तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत येते. "सिनेमा लावला की अंगावर काटा येतो, पण गाणं लावलं की नुसतं घुमतं." आणि तक्रारीच्या मागोमाग निदानही तयार असतं, "पोर्टवाला घेतला तिथेच चुकलं, सील्ड घ्यायला हवा होता." (सबवूफर म्हणजे फक्त बेस, म्हणजे खालचे स्वर, काढणारा स्पीकर; त्याचा खोका पूर्ण बंद असला तर सील्ड, त्यात बाहेर उघडणारी नळी म्हणजे पोर्ट असला तर पोर्टेड.) फोंडा, म्हापसा, मडगाव, पर्वरी, ओळखीपाळखीच्या बऱ्याच घरांत मी हे दुखणं बघायला गेलोय. बहुतेक ठिकाणी खोका न बदलता घुमणं आटोक्यात आलं. दोन ठिकाणी खोका खरोखर बदलावा लागला, आणि त्यातलं एक घर माझं स्वतःचं. तिथे उलटंच होतं: सील्ड काढून पोर्टेड आणावा लागला.

म्हणून आधी घर बघा, खोका नंतर.

पर्वरीला माझी मावसबहीण राहते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉल चौदा फूट बाय अकरा, उंची साडेनऊ. भावोजींना सिनेमाची आवड, ताईला गाण्याची. तिचे शास्त्रीय संगीताचे धडे अजून चालू आहेत. बारा इंची पोर्टेड सबवूफर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, शोकेसला चिकटून ठेवलेला आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकवलेला. आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत मांडणी हीच असते, कारण मधली जागा मोकळी राहते. ताईची तक्रार अगदी नेमकी होती. "अरे, तबल्याचा बायाँ घासून मींड घेतो ना, ती मींडच ऐकू येत नाही. एका जागी येऊन नुसता हूं होतो."

तिच्या या वाक्यात अर्धं निदान होतं. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं; बेस सगळीकडे सारखा जास्त असता तर ती जाड ऐकू आली असती, पण ऐकू आली असती. एकाच जागी हुंकार येतो याचा अर्थ एक ठरावीक स्वर खोलीने उचलून धरलाय. मी फोनवरून शुद्ध टोन सोडले, वीस हर्ट्झपासून (सेकंदाला वीस कंपनं) एकेक करत वर. एकेचाळीसला हॉल गच्च भरला, शोकेसची काच थरथरली आणि सोफ्यावर बसलेल्या भावोजींनी कानांवर हात ठेवले. सेहेचाळीसला तोच आवाज निम्म्यावर आला. बावन्नला पुन्हा फुगला.

याचं गणित कागदाच्या कपट्यावर होतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी लाट बरोबर मावली की ती खोली त्या स्वराला घुमते. गोव्याच्या हवेत, अठ्ठावीस अंशांच्या आसपास, ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर धरा. मग फुटांत मोजणाऱ्यांसाठी सोपा हिशेब असा: ५७० ला खोलीच्या लांबीने भागा. चौदा फुटांना ४१ हर्ट्झ, अकरा फुटांना ५२, साडेनऊ फूट उंचीला ६०. आम्ही कानांनी जे पकडलं तेच आकड्यांत आलं. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपासच असते, म्हणजे त्या हॉलमध्ये बेस गिटारवाल्याने ती तार छेडली की बाकीचा वाद्यवृंद बुडालाच म्हणून समजा. पांढऱ्या-काळ्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो. गाण्यातलं बरंचसं खालचं काम चाळीस ते शंभरच्या पट्ट्यात चालतं, आणि नेमक्या याच पट्ट्यात आपल्या फ्लॅटच्या हॉलांचे स्वतःचे हुंकार असतात. सिनेमातल्या स्फोटांचा, गडगडाटाचा मोठा भाग त्याच्याही खाली, वीस ते चाळीसमध्ये जातो. शिवाय स्फोटाला सूर नसतो. तो घुमला तर दणकट वाटतो. बायाँ घुमला तर बिघडला असं वाटतं. तोच सबवूफर, तीच खोली, आणि तरी सिनेमाला वाहवा नि गाण्याला शिव्या, त्या यामुळे.

घुमटाचं उदाहरण

सील्ड आणि पोर्टेड यांतला फरक समजावताना मी नेहमी घुमट पुढे करतो. गोव्यात चतुर्थीच्या आरतीत घुमट ऐकला नाही असा माणूस विरळा. मातीचं भांडं, रुंद तोंडावर चामडं ताणलेलं (पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं), आणि मागचं लहान तोंड उघडं. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. वाजवणारा उजव्या हाताने चामड्यावर बोल काढतो आणि डाव्या हाताने मागचं तोंड झाकतो, उघडतो. तोंड उघडं असलं की आतली हवा श्वासासारखी आत-बाहेर करते आणि गुमकी लांब येते. हात जवळ नेला की स्वर खाली उतरतो, आणि तोंड पुरतं झाकलं की आवाज आखूड, कोरडा होतो.

पोर्टेड सबवूफर म्हणजे मागचं तोंड उघडं ठेवलेला घुमट. नळीतली हवा एका ठरावीक स्वराला खोक्यातल्या हवेवर उड्या मारते. त्या स्वराला ट्यूनिंग म्हणतात. नळी लांब केली किंवा खोका मोठा केला की ट्यूनिंग खाली जातं. त्या स्वरावर काम जवळपास सगळं नळी करते आणि कोन, म्हणजे स्पीकरचा मागेपुढे हलणारा शंकूसारखा पडदा, फारसा हलत नाही, म्हणून त्याच ड्रायव्हरमधून (कोन आणि त्याला हलवणारं यंत्र) सील्डपेक्षा बराच जास्त आवाज मिळतो. पण ट्यूनिंगच्या खाली उतरलात की नळी आणि कोन एकमेकांच्या विरुद्ध ओढू लागतात: आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि कोनाला खोक्यातल्या हवेचा आधार उरत नाही. सील्ड खोक्यातली हवा गादीसारखी कोनामागे बसलेली असते. तिथे उतार सौम्य, सप्तकाला १२ डेसिबल, पण सुरू लवकर होतो. शिवाय एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर कोनाला चौपट लांब हलावं लागतं, आणि सील्डमध्ये ही सगळी मजुरी एकट्या कोनाला करावी लागते.

दोन्ही कल्पना जुन्या आहेत. नळीचं पेटंट बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरासला १९३२ मध्ये मिळालं, आणि हवेच्या गादीवरचा बंद खोका एडगर विल्चरने १९५४ मध्ये एआर-१ स्पीकरमधून बाजारात आणला. पोर्टचं माप अंदाजाने न ठरवता गणिताने काढायची पद्धत नेव्हिल थीलच्या १९६१ च्या निबंधाने आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉलच्या कामाने रुळली. पोर्ट म्हणजे घुमणार, ही बदनामी त्याआधीच्या अंदाजपंचे खोक्यांनी कमावली असं मला वाटतं.

ती बदनामी आजही खरी ठरते, पण कुठे ते बघा. म्हापशाच्या एका मित्राकडे टीव्हीसोबतच्या संचात आलेला आठ इंची पोर्टेड सबवूफर होता. त्याचं ट्यूनिंग कळावं म्हणून आम्ही पोर्टच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरली आणि टोन हळूहळू वर नेले. तीसला कोन नुसता फडफडत होता, ऐकू मात्र काही येत नव्हतं. चव्वेचाळीसच्या आसपास आलो तसा कोन जवळजवळ थांबला आणि उदबत्तीची सरळ वर जाणारी रेघ पोर्टसमोर तुकडे तुकडे होऊन उधळली. तेच ट्यूनिंग. त्याच्या खोलीची लांबी तेरा फूट, म्हणजे खोलीचाही हुंकार चव्वेचाळीसलाच. पोर्टचा फुगवटा आणि खोलीचा फुगवटा एकमेकांवर बसलेले! तिथे मांडणी बदलून थोडंच सुधारलं. शेवटी तो खोका बदलावाच लागला.

ताईचा सबवूफर तसा नव्हता. त्याचं ट्यूनिंग विशीच्या जवळ होतं, तबल्याच्या कितीतरी खाली. पोर्टमुळे आवाज उशिरा येतो, बेस ढिला पडतो असं जे म्हणतात ते ट्यूनिंगच्या जवळपास खरं आहे. वीसला ट्यून केलेल्या खोक्यात साठ-सत्तर हर्ट्झला तो उशीर नगण्य असतो. म्हणून पोर्टेड की सील्ड हे विचारण्याआधी ट्यूनिंग कितीला आहे ते विचारा.

पर्वरीत काय केलं

सबवूफर कोपऱ्यातून काढला. कोपरा खोलीचे सगळे हुंकार एकदम जागे करतो. जागा शोधायला जुनी युक्ती वापरली: सबवूफरच सोफ्यावर, ताईच्या बसायच्या जागी ठेवला, तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि मी भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत गेलो. जिथे बायाँ स्वच्छ ऐकू आला तिथे खडूने खूण केली. समोरच्या भिंतीच्या साधारण मधोमध ती जागा निघाली. मग सबवूफर तिथे ठेवला. सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला, कारण भिंतीशी हुंकार सर्वांत जोरात असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे तोच स्वर नाहीसा होतो.

नंतर रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) सेटिंग्ज उघडल्या आणि खरं पाणी तिथे मुरत होतं. पुढचे स्पीकर 'लार्ज' वर (बेससकट सगळं वाजवणारे) आणि सबवूफर 'एलएफई प्लस मेन' वर (एलएफई ही सिनेमातली वेगळी बेसची वाट, मेन म्हणजे पुढच्या स्पीकरांचा बेस), म्हणजे गाण्यातला तोच बेस स्पीकरमधूनही आणि सबवूफरमधूनही. स्पीकर 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (त्याखालचं सगळं सबवूफरकडे), सबवूफर नुसत्या एलएफईवर. सबवूफरच्या पाठीवरचं लो-पासचं (वरचे स्वर गाळणारं) बटण मध्येच कुठेतरी होतं, ते शेवटपर्यंत फिरवलं. रिसीव्हर गाळतो आहे तर दुसरी गाळणी कशाला. रिसीव्हरमधलं डायनॅमिक ईक्यू चालू होतं. हे कमी आवाजात बेस आपोआप वाढवतं, आणि ते सिनेमाच्या ठरावीक पातळीच्या हिशेबाने वाढवतं. गाण्यांच्या रेकॉर्डिंगला तशी ठरलेली पातळी नसते, म्हणून गाण्याला बेस डोक्यावरून जातो. गाण्यासाठी त्याचा ऑफसेट १० किंवा १५ डेसिबलवर ठेवा, नाहीतर ते सरळ बंद करा.

आणखी एक गोष्ट भावोजींच्या बाजूची. सिनेमाच्या ५.१ आवाजातला शेवटचा 'पॉइंट वन' म्हणजे तीच एलएफई, वेगळी बेसची वाट, १२० हर्ट्झपर्यंतची, आणि ती मुळातच १० डेसिबल चढी वाजवायची असते. गाण्याच्या दोन चॅनेलांत अशी वाट नसते. सिनेमा आणखी दणकावा म्हणून कोणी सबवूफरचा गेन (त्याची आवाजाची पातळी) चढवला की त्याची शिक्षा गाण्याला होते. गेन गाण्यावर जुळवा, आणि सिनेमाला तीन-चार डेसिबल वाढवायचे असतील तर रिसीव्हरमध्ये तेवढी वेगळी नोंद करून ठेवा. ताईच्या घरी आता दोन बटणं आहेत, एक तिचं, एक भावोजींचं.

सगळ्यात शेवटी पोर्ट बंद करून पाहिला. त्या सबवूफरबरोबर फोमची बुचं आली होती, खोक्यातून बाहेरही काढली नव्हती. बूच घातलं, पाठीवरचा स्विच 'सील्ड' वर केला. (असा स्विच असेल तर तो विसरू नका, आतली फिल्टरची मापं त्याने बदलतात.) सिनेमातला खालचा दणका किती कमी होतो ते ऐकायला भावोजी टपून बसले होते. फारसा कमी झालाच नाही. कारण त्या बंद फ्लॅटमध्ये चाळीसच्या खाली खोली स्वतः मदत करते: लाट खोलीत मावत नाही, तेव्हा सबवूफर अख्ख्या खोलीतल्या हवेचा दाब वरखाली करतो आणि आवाज उचलला जातो. पूर्ण बंद खोलीत ही मदत कागदावर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे सील्डच्या उताराला जवळजवळ जोडीदार. दारं-खिडक्यांमुळे प्रत्यक्षात कमी मिळते, पण मिळते. बूच आजही आत आहे. आणि ताईने फोनवर मला ती मींड ऐकवली. फोनवर बेस येत नाही हे तिलाही माहीत होतं, तरी ऐकवली.

कौलारू घरात उलटं का झालं

आमचं घर फोंड्याजवळ, जुनं, मंगलोरी कौलांचं. बसायची खोली लांबरुंद, वर सीलिंग नाही, भिंतीच्या माथ्यावर वाशांमधून हवा खेळते, आणि पुढचं दार ओटीवर सताड उघडं. 'संगीतासाठी सील्ड' हे वाक्य सगळीकडे वाचून मी दहा इंची सील्ड घेतला. गाणं सुरेख. सिनेमा मात्र कोरडा. वीज कडाडली तर दूरच्या डोंगरावर कडाडल्यासारखी. दर आठवड्याला मी गेन थोडा चढवत गेलो. एका रात्री कोनातून टक् टक् आवाज आला, हालचालीची हद्द संपल्याचा.

कारण साधं होतं. आमच्या घरात हवेचा दाब साठत नाही, तो कौलांखालून निघून जातो. खोलीची जी मदत पर्वरीच्या स्लॅबखाली फुकट मिळते, ती इथे शून्याच्या जवळ. मग खालचे स्वर एकट्या सबवूफरनेच काढायला हवेत, आणि तिथे पोर्टचा हात लागतो. विशीच्या आसपास ट्यून केलेला बारा इंची पोर्टेड आणला, खोका कपाटाएवढा, पण आमच्या घरात जागेची टंचाई नाही. घुमण्याचा प्रश्नच आला नाही, कारण घुमायला बंद खोली लागते.

तरीही पहिल्या दिवशी एक करकर आलीच, आणि मी पोर्टला दोष देऊन मोकळा झालो होतो. जोरात वाजवला की नळीतल्या वाऱ्याचा फस्स आवाज येतो तो वेगळा. ही करकर कमी आवाजातही होती. टोन सोडत गेलो. त्रेपन्नला ती आली, चोपन्नला गेली. खिडकीजवळ गेलो तर जुन्या शिंपल्यांच्या तावदानांपैकी एक शिंपला लाकडी खोबणीत सैल झाला होता. बोटाने दाबला की करकर बंद, सोडला की चालू. कागदाची बारीक पट्टी घडी करून खोबणीत सरकवली, काम झालं. समईची साखळी, देवघरातली घंटा, शोकेसची काच, या सगळ्यांची एकदा झडती घ्या. घुमण्याच्या तक्रारींपैकी काहींत खरा आवाज यांचाच असतो.

जुन्या नाट्यगीतांच्या शौकिनांसाठी एक वेगळी सूचना. १९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधीच्या तबकड्यांत सबवूफरला द्यायला काही नाहीच, आणि त्यानंतरच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांतही फार नाही. तिथे बेस ऐकू येत असेल तर ती बहुधा टर्नटेबलची घरघर आहे. वाकड्या एलपीवर तर पोर्टेड सबवूफरचा कोन ट्यूनिंगच्या खाली निराधार होऊन भलताच फडफडतो. सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे अगदी खालचे स्वर गाळणारा) चालू करा, तो नसेल तर एलपी ऐकताना सबवूफर बंद ठेवा. सील्ड इथे निर्धास्त.

तर निवड करताना मी काय सांगतो? स्लॅबखालचा बंद हॉल, दीडशे-दोनशे चौरस फुटांपर्यंतचा, गाणं जास्त आणि सिनेमा अधूनमधून: सील्ड घ्या, आणि पैसे असतील तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा, लांबीचा तो पहिला हुंकार दोघं मिळून बराच मारतात. उघडं, कौलारू किंवा स्वयंपाकघर-जेवणघर एकत्र असलेलं मोठं घर, सिनेमाची आवड खरी: पोर्टेड, पण बारा इंचांखाली नको आणि ट्यूनिंग पंचवीसच्या वर नको. मधल्या घरांना बूच असलेला पोर्टेड. शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून सील्ड घेतो असं म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. पंचवीस हर्ट्झ स्लॅबमधून जायचे ते जातातच, खोका कुठलाही असो. तिथे गेनच कमी करायला हवा. मोजून काम करायचं असेल तर रूम ईक्यू विझर्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी माइक पुरतो. ईक्यूने (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करायची सोय) फुगवटे कापा. खड्डे भरायला जाऊ नका, ॲम्प्लिफायर दमेल आणि खड्डा तसाच राहील.

आणि पोर्टेड घेतलात तर जूनआधी एक काम. मागच्या पावसानंतर आमच्या सबवूफरमधून फस्स आवाज मध्यम आवाजातच येऊ लागला. टॉर्च मारून पाहिलं तर नळीच्या आत, बोटभर अंतरावर, कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, चांगलं लिंबाएवढं. नळी अरुंद झाली की वारा शिट्टी घालणारच. ते ओलं करून लाकडी पट्टीने अलगद काढलं. आता चार-आठ दिवस वाजवायचा नसला की पोर्टच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावतो, वाजवताना काढतो. पाली, झुरळं यांनाही त्या नळीचं भारी आकर्षण, आणि ॲम्प्लिफायरच्या पट्टीवर पाल चिकटली तर तो खर्च बुचाच्या किमतीत भागत नाही. खोका थेट जमिनीवर नको, खाली रबराचे पाय हवेत, कारण ओल धरली की खोक्याचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कडेने फुगतो. कोनाच्या कडेची पट्टी फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते. घेतानाच रबराची बघून घ्या. पावसाळाभर आठवड्यातून दोनदा तासभर तरी वाजवा, आतली ओल निघते. आमच्याकडे ते काम आई करते, रोज संध्याकाळी भजनं लावून.